वरचा शिलिंग

"डोळे झाक, तंगी. हात पुढे कर."

मी डोळे मिटले की तळहातावर काहीतरी गार पडायचं. अण्णा ते अंगठ्याने माझ्या तळव्यात दाबायचे, दोनदा फिरवायचे आणि अंगठा काढून घ्यायचे.

"बोल. काय आहे?"

"सहा पेनी."

"कशावरून?"

"लहान आहे. पातळ आहे. कडेला बारीक दाते आहेत."

"सरी," म्हणून ते दुसरं नाणं टाकायचे. सरी म्हणजे बरोबर. मी चांगली पंचवीस वर्षांची घोडी, शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणारी; पण अण्णांच्या तोंडून सरी ऐकायला बालवर्गातल्या पोरीसारखी आसुसलेली असायची.

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. आमच्या मराठीत तंगी म्हणजे खिशात पैसा नसणं. आम्ही बेळगावचे, दोन्ही भाषा जाणणारे, त्यामुळे पैशांचे धडे देणारा माणूस मला तंगी म्हणतो याची घरात रोज थट्टा व्हायची. मी शिकवणी आटोपून परत आले की बाबा म्हणायचे, "आली बघा अण्णांची तंगी." अण्णांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर बंगळूरला आलं आणि इथलंच होऊन गेलं. आपल्या मराठीत निम्मं कानडी आहे असं कुणी म्हटलं, तर ते शांतपणे म्हणायचे, "तुमच्या मराठीत स्वल्प चूक आहे. आमची जुनी आहे."

अण्णा आमच्या नात्यातले नव्हते. जयनगर तेव्हा नुकतं वसत होतं, रस्ते आखून झाले होते आणि रस्त्याकडेची झाडं गुडघ्याएवढी होती. त्या वस्तीत आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. नोकरी कंटोन्मेंटमधल्या एका प्रवासी कंपनीत. बोटीची तिकिटं, पासपोर्टाचे अर्ज आणि मुख्य म्हणजे परकी चलन मिळवण्याचे सरकारी फॉर्म, हे सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. गल्लीत पाठीमागे त्यांना पौंडअण्णा म्हणत, तोंडावर नुसतं अण्णा. उंच, किडकिडीत, छातीशी जरा आत गेलेले, अंगात बारा महिने गळाबंद कोट आणि डोक्यावर काळी टोपी. बंगळूरच्या हवेत कोट खपून जातो म्हणा, पण ऐन एप्रिलातसुद्धा त्यांची वरची गुंडी निघालेली मी पाहिली नाही.

आणि ते लंडनला राहून आले होते. युद्धापूर्वी, म्हैसूर सरकारच्या कुणा बड्या अधिकाऱ्याचे कारकून म्हणून, पुरती दोन वर्षं. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, कारण "आम्ही लंडनात होतो तेव्हा" हे वाक्य दिवसातून एकदा तरी यायचंच. दूधवाल्याने पाणी घातलं तरी यायचं. आम्ही लंडनात होतो तेव्हा दूधवाला बाटली दारात ठेवून जायचा आणि पैसे बाटलीखाली ठेवले तरी कुणी नेत नसे. आमचा दूधवाला हे ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच पाणी घालायचा.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याला विचारल्याशिवाय गल्लीतलं पान हलत नाही. परदेशी जाणारा मग तो डॉक्टर असो, इंजिनीयर असो, संध्याकाळी अण्णांच्या कट्ट्यावर येऊन बसलाच पाहिजे. सरकार त्या काळी जाणाऱ्याच्या हातावर तीन पौंड टेकवायचं आणि जा म्हणायचं. फी, खोलीभाडं यांची वेगळी परवानगी काढावी लागे, तीही ठरलेल्या आकड्यापुरती. त्या तीन पौंडांत अनोळखी मुलखात कसं तगायचं, हे शिकवणारं बंगळुरात दुसरं कोणी नव्हतं.

"पौंड म्हणजे तेरा रुपये पाच आणे चार पै," ते सांगायचे. "हे पाठ कर, आणि बोटीत बसलीस की विसरून जा."

"विसरायचंच तर पाठ कशाला करू?"

"पाठ केल्याशिवाय विसरता येत नाही, तंगी. तिकडे जाऊन जो रुपयांत मोजतो तो उपाशी मरतो. आम्ही लंडनात होतो तेव्हा एक शास्त्री होते. चहाच्या कपाला पाच आणे पडतात म्हणून महिनाभर चहा प्यायले नाहीत. शेवटी न्यूमोनिया झाला. औषधाला किती पाच आणे गेले असतील?"

मग दुकान-दुकान चालायचं. अण्णा दुकानदार व्हायचे, टोपी काढून "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणायचे आणि त्यांच्या बायकोची, अक्कांची, वांगी मला इंग्रजीत विकायचे. मी अर्ध्या क्राउनचं, म्हणजे अडीच शिलिंगांचं, नाणं द्यायचं, ते मोड परत करायचे, आणि त्यात मुद्दाम एक पेनी कमी ठेवायचे. मी न मोजता मूठ मिटली की वांगं परत टोपलीत. "मोड मोजून घे. त्याच्या तोंडासमोर मोज. तिकडे त्याचा कुणाला राग येत नाही." डॉक्टरांना, प्राध्यापकांना, सगळ्यांना त्यांनी अशीच वांगी विकली होती.

नवे पैसे आले त्या वर्षी तर अण्णांची चंगळच झाली. मंडईत एकच गोंधळ, आण्याचे सहा नवे पैसे की सात, यावरून बायका आणि भाजीवाल्या एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेतात. अण्णा रोज ऑफिसला जाण्याआधी अर्धा तास मंडईच्या तोंडाशी उभे राहायचे आणि कुणीही न विचारता मोड करून द्यायचे. "बघा, आता आपल्याच गावात आपण परदेशी," असं म्हणून इतके खूश व्हायचे की जणू सरकारने ही नाणी त्यांच्याकरताच पाडली होती.

परत आलेल्या माणसाकडून ते एकच गोष्ट घ्यायचे, तिकडचं एक नाणं. ती त्यांची दक्षिणा. आमच्या मागच्या रस्त्यावर राहणारे एक प्राध्यापक इंग्लंडात तीन वर्षं काढून आले, तेव्हा मी कट्ट्यावरच होते. त्यांनी बारा कोनांचं पितळी नाणं काढून अण्णांच्या हातात ठेवलं. अण्णांनी ते डोळे मिटून चाचपलं आणि विचारलं, "चालत्या जिन्याला अजून दोन पेनीच घेतात का हो?"

लंडनात जमिनीखालून गाड्या धावतात आणि तिथवर उतरायला आपोआप चालणारा जिना असतो, त्यावर पाय ठेवण्याआधी खाचेत दोन पेनी टाकाव्या लागतात, हे आम्हाला अण्णांनी केव्हाच शिकवलं होतं. प्राध्यापकांनी अक्कांकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

"हो अण्णा," ते म्हणाले. "दोनच."

"सरी," अण्णा म्हणाले. मला त्या वेळी त्यात काही वेगळं वाटलं नाही.

गिनीचा धडाही त्याच कट्ट्यावरचा. इंग्रजांच्यात पौंडाखेरीज गिनी म्हणून एक प्रकार असतो. तिचं नाणं नाही, नोट नाही, नुसता हिशेब. वीस शिलिंगांचा पौंड, अधिक एक शिलिंग म्हणजे गिनी. डॉक्टरची, वकिलाची, शाळा-कॉलेजांची फी गिनीत सांगतात. हे सगळं बरोबरच होतं. पुढचं अण्णांचं.

"आपण आहेरात पन्नास देतो का? एकावन्न देतो. शंभर देतो का? एकशे एक. तो वरचा रुपया मानाचा. तसाच त्यांचा वरचा शिलिंग. मास्तरला, डॉक्टरला मानाने द्यायचा. ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे."

आई तर हरखून गेली. "अगं बाई, म्हणजे त्यांच्यातबी वरचा रुपया असतोय की!" इंग्रज एकदम आमच्या सोयऱ्यांसारखे वाटायला लागले. आम्हा कुणालाही शंका आली नाही. इतकं समजण्यासारखं, इतकं आपलं काही खोटं असेल असं कुणाला कशाला वाटेल?

मग माझं लंडनला जायचं ठरलं. ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवण्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम होता. एका संस्थेने बोटीचं तिकीट, खोली आणि दरमहा थोडे खर्चाला देऊ केले, पण प्रवेशाची फी माझी मला भरायची होती. तीस गिनी. बाबा पोस्टात कारकून. त्यांनी फंडातून पैसे काढले आणि आम्ही दोघं अण्णांकडे फॉर्म भरायला गेलो. त्या दिवशी अण्णांनी कट्ट्यावर बसवलं नाही, आत नेऊन टेबलाशी बसवलं. कॉलेजचं पत्र दोनदा वाचलं, टाक पुसला आणि रकमेच्या रकान्यात लिहिलं, तीस पौंड.

बाबा टपाल खात्यातले. आकडा दिसला की त्यांना खालून वर तपासायची सवय. ते म्हणाले, "गिनी हाय न्हवं पत्रात? मग वरचे तीस शिलिंग?"

"ते फीत धरत नाहीत. वरचं म्हणजे मानाचं. तिथे हिला स्वल्प पैसे सुटले की देईल."

"नक्की न्हवं अण्णा? पोरगी एकटी जाणार."

अण्णांनी टाक खाली ठेवला. अजून मला तो ठेवल्याचा आवाज आठवतो. "आम्ही लंडनात होतो तेव्हा आमच्या साहेबांच्या मुलांच्या फिया कुणी भरल्या? ह्याच हातांनी."

बाबांनी सही केली. तीस पौंडांचा ड्राफ्ट निघाला, आणि हातखर्चाला सगळ्यांसारखे तीन पौंड.

लंडनला उतरल्यावर पहिल्या दिवशी मी त्या चालत्या जिन्याशी जाऊन उभी राहिले. मुठीत दोन पेनी. खाच शोधत होते. उजवीकडे नाही, डावीकडे नाही. मागून माणसं येत होती, मला बाजूला सारून उतरत होती, कुणी काही टाकत नव्हतं. माझी पहिली समजूत अशी की ही सगळी माणसं फुकटी. शेवटी एका गणवेशवाल्या हमालाला विचारलं. त्याने मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, याला पैसे पडत नाहीत बाई, कधीच पडत नव्हते. तो हसला नाही, उलट मला पहिल्या पायरीवर हाताला धरून उभं केलं. मी उतरता उतरता म्हटलं, अण्णांच्या वेळी पडत असतील, याला काय ठाऊक. माणसाचा विश्वास किती चिवट असतो बघा.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात फीच्या खिडकीशी रांग होती. माझा नंबर आला, मी ड्राफ्ट दिला. आतली बाई म्हणाली, एकतीस पौंड दहा शिलिंग हवेत. मी माझ्या शाळामास्तरणीच्या स्वच्छ इंग्रजीत तिला समजावून सांगितलं की हे तीस पौंड, आणि वरचे शिलिंग मी सवडीने, आनंदाने देणार आहे, ऐपतीप्रमाणे. तिला वाटलं मला आकडे येत नाहीत. तिने कागदावर बेरीज करून दाखवली. मला वाटलं तिलाच रीत ठाऊक नाही. मी तिला लग्नातल्या आहेराचं उदाहरण दिलं. माझ्यामागे दहा-बारा माणसं उभी होती, त्यांतली दोन हसली. खिडकीतली बाई हसली नाही. ती एवढंच म्हणाली की प्रवेशाचा आज शेवटचा दिवस आहे.

माझ्या पर्समध्ये दोन पौंड चौदा शिलिंग होते. त्यांतले तीस शिलिंग मी खिडकीत ठेवले. उरले चोवीस. संस्थेचे पैसे महिनाअखेरीस मिळायचे होते, म्हणजे साडेचार आठवड्यांनी. घरून मागवायची सोय नव्हती, सरकार एक पेनी बाहेर जाऊ देत नव्हतं. आणि मागवायचे म्हणजे बाबांना सांगायचं की तुमचीच शंका खरी होती.

मी कॉलेजचा जिना उतरले तेव्हा पायऱ्या दिसत नव्हत्या. रडायलाही लाज वाटत होती. कॉलेजच्या फाटकापाशी मला एकदम कळलं, अगदी कुणी कानात सांगावं तसं, की हा माणूस लंडनला आलेलाच नाही. जो एकदा जरी आला असेल तो त्या जिन्याला पैसे पडतात असं म्हणणार नाही. आणि ज्या हातांनी फिया भरल्या म्हणून बाबांनी सही केली, त्या हातांनी कधी काही भरलंच नव्हतं.

माझ्या खोलीत गॅसची शेगडी होती. भिंतीवरच्या मीटरमध्ये एक शिलिंग टाकला की ती पेटायची, आणि पैसे संपले की मधेच फुस्स करून विझायची. ऑक्टोबर होता, पायांत चपला होत्या. मी बसने जायचं सोडलं, दुपारचं जेवण सोडलं, आणि शेगडी आठवड्यातून एकदा पेटवायची ठरवली. बाकीचे दिवस कोट घालून पांघरुणात बसून अभ्यास करायची. वरचे तीस शिलिंग असते तर शेगडी तीस वेळा पेटली असती, हा हिशेब मी रोज करायची. पायांना भेगा पडून रक्त यायला लागलं. घरच्या पत्रात लिहायची, सर्व कुशल आहे, अण्णांना नमस्कार. तो नमस्कार लिहिताना दात आवळायची.

एक गोष्ट लपवणं बरोबर होणार नाही. नाण्यांत मी कधी चुकले नाही. माझ्या वर्गातल्या इतर देशांच्या मुली महिनाभर तळहात पसरून दुकानदाराला म्हणायच्या, तूच हवे तेवढे घे. मी पर्समध्ये हात घालून न बघता नेमकं नाणं काढायची. दर वेळी ते बोटांना ओळखू आलं की अण्णांचा अंगठा आठवायचा, आणि राग दुप्पट व्हायचा.

वर्षाने परत आले. दुसऱ्या दिवशी आईने शेजारपाजाऱ्यांना उपमा-कॉफीला बोलावलं. अण्णा सगळ्यांच्या आधी आले, कोटाची गुंडी लावून. अक्कांच्या हातात मला ओवाळायला ताट होतं. प्राध्यापक होते, समोरचे डॉक्टर होते. अण्णांनी मला आपादमस्तक पाहिलं, त्यांचे डोळे भरून आले.

"आली माझी तंगी," ते म्हणाले. "सांग बघू सगळ्यांना. चालत्या जिन्याला अजून दोन पेनीच?"

वर्षभराची थंडी माझ्या अंगात होती. मी म्हटलं, "अण्णा, चालत्या जिन्याला पैसे पडत नाहीत. कधीच पडत नव्हते. जो लंडनला एकदा तरी गेलाय, त्याला हे ठाऊक असतं."

अण्णांचा हात कोटाच्या गुंडीकडे गेला. मी थांबले नाही.

"आणि वरचा शिलिंग मानाचा नसतो. तो फीचाच असतो. तीस शिलिंग मी पोटाला चिमटा काढून भरले. तुम्ही लंडनला गेला नाहीत अण्णा. तुम्ही माझ्या बाबांना फसवलंत."

"अगं, काय बोलतीस काय!" आई ओरडली.

अण्णा माझ्याकडे पाहत राहिले. त्यांनी नाही म्हटलं नाही. "सरी," एवढंच म्हणाले, अगदी हलक्या आवाजात, आणि चपला पायांत सरकवून निघाले. अक्कांनी ताट तसंच खुर्चीवर ठेवलं आणि त्यांच्या मागे गेल्या. मला त्या वेळी फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

प्राध्यापक जाताना दारात थांबले. म्हणाले, "बोलायला नको होतं तुम्ही."

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?"

"जो जो जाऊन आला, त्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. जिना पाहिला की कळतंच. पण कशाला बोलायचं? म्हातारा माणूस, इतकं मन लावून शिकवतो."

ही सगळी शिकलेली माणसं परत येऊन गंभीर चेहऱ्याने "दोनच पेनी, अण्णा" म्हणत होती, आणि त्याच अण्णांच्या हातून माझा फॉर्म भरला जाणार होता. सगळ्यांनी मिळून अण्णांना सांभाळलं. मला सांभाळायचं कुणाला सुचलं नाही. अण्णांवरचा राग पुढे कमीजास्त झाला, पण या मंडळींवरचा आजही तसाच आहे.

गल्लीत दुसरंच सुरू झालं. लंडनला गेले नव्हते, तर ती दोन वर्षं होते कुठे? कुणी म्हणालं तुरुंगात. कुणी म्हणालं दुसरं घर होतं. ही चर्चा मी सुरू केली नव्हती, पण तिला वाट मीच करून दिली. कट्ट्यावर येणं लोकांनी बंद केलं. परदेशी जाणारे आता थेट बँकेत जाऊ लागले. तीन-चार महिन्यांत अण्णांनी नोकरी सोडली, घर विकलं आणि के. आर. पुरमला, स्टेशनजवळ, भावाच्या जागेत राहायला गेले. जाताना सगळ्या घरांत निरोप घ्यायला गेले, आमच्याकडेही आले. मी शाळेत होते.

वर्षभराने आईने मला पाठवलंच. "एकदा जाऊन ये. तू बोललीस ते खरं होतं, पण बोलायची जागा ती न्हवती." मी रविवारी गाडीने गेले.

रुळांलगत दोन खोल्यांचं घर होतं. अण्णा दारातच बसले होते. गळाबंद कोट नव्हता, नुसता सदरा. मी त्यांना प्रथमच कोटाशिवाय पाहिलं, आणि छाती एका बाजूने किती खोल गेली आहे तेही. अक्कांनी कॉफी दिली आणि न बोलता आत गेल्या.

"दवाखान्यात होतो," मी न विचारताच अण्णा म्हणाले. "दोन वर्षं. छातीच्या. घरात दोन बहिणी लग्नाच्या. क्षय आहे कळलं असतं तर दोघी बसल्या असत्या. वडिलांनीच सांगून टाकलं, मुलगा लंडनला गेलाय. बरा होऊन आलो तेव्हा लोक विचारायला लागले. काहीतरी सांगायला हवं की नको?"

"मग नाणी? ते सगळं?"

"शेजारच्या खाटेवर एक जण होता. साहेबाचा बटलर, सहा वर्षं तिकडे राहिलेला. दोघांनाही उठायची परवानगी नव्हती. वेळ जाईना. तो म्हणायचा, डोळे झाक, हात पुढे कर."

"जिन्याचे दोन पेनी त्यानेच सांगितले?"

"त्यानेच. चेष्टा केली असेल. स्वल्प विनोदी होता. मग तो गेला, विचारायचं राहिलं." थोड्या वेळाने म्हणाले, "गिनीचं मात्र माझं. पौंडावर एक शिलिंग, इतकंच त्याने सांगितलं. का, ते नाही सांगितलं. मला वाटलं, आपल्यासारखंच."

मला त्यांची दया आली. पण मी तिथे ज्यासाठी गेले होते ते विचारल्याशिवाय उठणार नव्हते. "जगाला लंडन सांगितलंत ते सांगितलंत. माझा फॉर्म भरताना तरी 'माहीत नाही' म्हणायचं होतं अण्णा. दोन शब्द. बाबांनी विचारलं होतं तुम्हाला."

बाहेरून एक मालगाडी गेली, तिचे सगळे डबे जाईपर्यंत अण्णा रुळांकडे पाहत होते.

"तुझे बाबा 'नक्की न्हवं' म्हणाले ना," ते म्हणाले, "तेव्हा मला खरंच वाटलं, तंगी, की मी फिया भरल्यात. खिडकीसुद्धा दिसली."

इथे मी त्यांना माफ केलं असं लिहिता आलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं. मी नाही केलं. तीस वर्षं एखादी गोष्ट सांगून माणसाला ती खरी वाटायला लागते, हे मला समजत होतं. पण थंडीत मी बसले होते, ते नव्हते. मी कप खाली ठेवला आणि उठले.

ते फाटकापर्यंत सोडायला आले. कडीवर हात ठेवून उभे राहिले, कडी काढेनात.

"एक विचारू, तंगी?"

"विचारा."

"खरंच कसं असतं गं तिथे?"

असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नसणार. बोटीतून उतरणाऱ्या कुणालाही ते विचारू शकले नव्हते, कारण सगळ्यांच्या लेखी ते स्वतःच जाऊन आलेले होते. आता पहिल्यांदाच त्यांना विचारायची मोकळीक मिळाली होती, आणि विचारायला समोर मीच होते. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते. मी काय काय सांगू शकले असते. सकाळचं धुकं, दुकानांतले दिवे, त्या जिन्यावर पहिल्यांदा पाय ठेवताना पोटात काय होतं ते.

मी म्हटलं, "गाडीची वेळ झाली अण्णा. पुढच्या खेपेला सांगते."

"सरी," म्हणून त्यांनी कडी काढली.

पुढची खेप झाली नाही. तीन महिन्यांनी अक्कांचं कार्ड आलं, अण्णा गेल्याचं. बाबांनी ते मोठ्याने वाचलं आणि कोनाड्यात ठेवलं.

त्या रविवारी माझ्या गाडीला अजून पाऊण तास होता.